तांब्यावरची तारीख

तानूबाईला कोल्हापूरच्या कोर्टात साक्षीला बोलवलंतं, १९९७ साली, ते एका तांब्यापायी.

तिची पोरगी रूपाली. गावातल्या बड्या घरच्या उदयसिंहानं तिला उसात ओढून नेली. आता त्याचा वकील म्हणत होता, पोरगी राजीखुशीनं गेली आणि तिला सोळा पुरी होती. सोळाच्या आत ठरली तर राजीखुशीचं बोलणंच मिटत होतं. पण जन्माची नोंद गावात कुणी केलीच न्हवती. शाळेत घालताना मास्तरानं पोरगी थोराड बघून दोन वर्सं वाढवून लिहिलेली. डॉक्टर हाडं तपासून म्हणाला, चौदा ते सतरा.

"घरात कुठं जन्मतारीख लिहिलेली आहे का, बाई?" सरकारी वकिलानं विचारलं.

"हाय की. बारशाला माझ्या भावानं तांब्या दिलाय. आकाराम गेला बिचारा, पर तांब्या हाय. पोरीचं नाव, तारीख, साल, समदं घातलंय त्येच्यावर."

"तोच आणा."

तानूबाईनं घरी येऊन तांब्या उजेडात धरला. पंधरा वर्सं राखेनं घासून अक्षरं बुजलेली. बोट फिरवलं तर लागायची, डोळ्याला दिसायची न्हाईत. जज्जसाहेब काय बोट फिरवत बसणार व्हय? तिनं गडहिंग्लजच्या बाजारात भांड्यावर नावं घालणारा पिराजी गाठला.

"हाय तेच उठवून दे. एक अक्षर इकडचं तिकडं करू नगंस."

"मी कशाला करू, मावशे? रेघंवर रेघ."

त्यानं ठोकून दिलं. तिनं वर चिंच लावून तांब्या लखलखीत केला.

कोर्टात उदयसिंहाच्या वकिलानं तो खिडकीकडं धरून फिरवला.

"हे कधी घातलं, बाई?"

शपथ घेतलेली. तानूबाई म्हणाली, "गेल्या बाजारी."

सरकारी वकिलानं मान खाली घातली.

"पर खाली जुनंच हाय, साहेब. त्येच्यावरनंच गिरवलंय."

"ते जुनं दाखवता?"

"आता कसं दिसंल?"

निकालात आलं, वय शाबीत न्हाई. उदयसिंह सुटला. गुलालात माखून जीपमधनं गावात आला, तवा रूपाली दार लावून आत बसली होती.

तांब्या कोर्टातच राहिला. अपिलाची मुदत सरल्यावर घेऊन जा, म्हणाले. मुदत सरून वरीस झालं.

"आये, तांब्या आण की. माझा हाय," रूपाली म्हणाली.

तानूबाई चुलीतली राख वडत होती. "ऱ्हाऊ दे तितंच. हितं आला तर घासायला हात जाईल माझा."