रिकाम्या टोपलीचे वजन

१४ मे १९८३, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. टोपली आणि मांजर मिळून ३ किलो २०० ग्रॅम. पैकी टोपली ८००.

तेव्हा मी नागपूरला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अडचण अशी, की जे सांगणार आहे ते मी मोजलेले आहे...

पिल्लू अडल्यामुळे आमच्या चिंगी मांजरीची गर्भपिशवी काढावी लागली होती – पोटावर सात टाके. मोहाडीला काकांच्या धान्याच्या दुकानामागे मी तिला टोपलीत ठेवले होते आणि दुकानाच्या तराजूवर रोज तोलून आकडा वहीत लिहीत होते. वजन टिकले, तर ती जगणार होती.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला भंडाऱ्याला गेले. परतले, तर टोपली रिकामी.

"सोडून आलो," काका म्हणाले. "घरात मांजर मेली तं पाप आपल्या डोक्यावर. बाहेर मरो का जगो."

"कुठं सोडली?"

"सांगीन तं तू घेऊन येशीन, डॉक्टरीनबाई."

टाके ओले, वर मे महिन्याचे ऊन, आणि या गृहस्थाला चिंता स्वतःच्या पुण्याची. संतापून मी ती रिकामी टोपली त्यांच्यासमोर पारड्यात आदळली. पारडे खाली गेले, ते खालीच राहिले. ३ किलो १००.

"काहून व, दगड टाकला काय?" काकांनी टोपली उलटी करून झटकली. पारडी बदलली, वजने बदलली. आकडा तोच. 'माझ्या तराजूत खोट नाही' असे गिऱ्हाइकांना वीस वर्षे ऐकवणारा माणूस पारड्याखाली हात फिरवून पाहू लागला.

सोळा तारखेला २ किलो ९००. सतराला सकाळी २ किलो ७००. पाण्यावाचून मांजर सुकावी, तसा आकडा उतरत होता.

तेव्हा कुठे काका बोलले. "अड्याळच्या तलावाच्या पाळीवर. बाजाराले गेलो तं पोत्यात नेली होती... तू जाय पोरी. मी इथं बसतो."

मी मिळेल त्या बसने गेले. बांधावरच्या बेशरमाच्या झुडपांत दोन तास शोधले. मीच बांधलेली पट्टी सापडली, मांजर नाही.

परतले तेव्हा दुकान बंद होते. काका तराजूसमोर बसले होते.

"बारा वाजता टोपलीचं पारडं वर गेलं," ते म्हणाले. "मी हात नाही लावला."

मी त्यांच्याशी पुढे फारशी बोलले नाही. 'ती तुमचा निरोप घ्यायला आली होती' असे कृपया मला कोणी लिहून कळवू नये. तिला निरोप नको होता, पाणी हवे होते. मी स्पष्टीकरण शोधले, अजून सापडलेले नाही. वही मात्र जवळ आहे.

१७ मे १९८३, सायंकाळी सहा. ८०० ग्रॅम.