मामेभाऊ समजून वाढलेलं भरीत

लग्न होऊन जळगावात येईपर्यंत मला नातेवाइकांचे दोनच प्रकार ठाऊक होते : आईवडील आणि कझिन.

पुण्यात आमच्याकडे काकांचा मुलगा कझिन, मावशीची मुलगी कझिन, आणि शेजारचा बंड्या फारच लाडात आला तर तोही कझिन! सासरी मात्र पहिल्याच उन्हाळ्यात पापड लाटता लाटता सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझी शिकवणी घेतली. काकांची मुलं चुलत, मावशीची मावस; ती सख्ख्या भावंडांसारखीच. मामाची मुलं मामे, आत्याची आते. त्यांच्यात मात्र सोयरीक चालते.

"ध्यानमा ठेव," अक्का म्हणाल्या, "नहीतर एखाद्या दिवशी घोटाळा करशी!"

मी मान डोलावली. (कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासालाही मी अशीच डोलवायची.)

तो दिवस उजाडायला तीन वर्षं लागली. आमची छकुली तेव्हा वर्षाची व्हायची होती. अक्का देवळात कीर्तनाला निघाल्या आणि उंबऱ्यातून म्हणाल्या, "धुय्यावरून भास्कर ई ऱ्हायना. मना भाऊना पोऱ्या. त्याले पोटभर जेवाले वाढजो."

अक्कांच्या भावाचा मुलगा येतोय, म्हणजे आमच्या ह्यांचा मामेभाऊ. मी याला कधी पाहिलंच नव्हतं. पण नातं बिनचूक जुळवलं या आनंदात मी भरताची वांगी भाजायला घेतली.

बाराच्या सुमारास कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण दारात उभा राहिला.

"पाटलांचं घर हेच ना?"

"धुळ्याहून आलात ना?"

"हो. काका मागून येताहेत, स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं म्हणून थांबलेत."

"या, या! तुमचीच वाट बघत होते!"

घरच्या माणसाला नाव काय विचारायचं? मी थेट ताट वाढलं. तो जरा बावरला. "आधी जेवण?" म्हणाला.

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे!" मी भाकरीवर तेल सोडत म्हणाले.

दुसऱ्या भाकरीला त्याने धीर केला. "वहिनी, मुलगी... घरातच आहे ना?"

छकुलीची चौकशी! मला भरून आलं. "आहे की! झोपलीय."

"आत्ता? दुपारी?"

"रोजचंच आहे. दूध प्यायली की दोन तास उठत नाही."

त्याचा घास हातातच राहिला. "बरं... आणि स्वभाव?"

"हट्टी! हातात येईल ते तोंडात घालते. परवा ह्यांच्या चपलेचा पट्टा चावला."

"चपलेचा?"

"दात येताहेत ना! चार आलेत. चालते मात्र छान, भिंतीला धरून."

तो तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मी तिसरी भाकरी वाढली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली. बिचारा घाबरून खात होता, आणि मला वाटलं भरीत आवडलंय!

इतक्यात अक्का परतल्या. "हाऊ कोन शे?"

"अक्का, भास्करभावजी! तुमच्या भावाचा मुलगा!"

"मना भाऊना पोऱ्या माले माहीत नही का? हाऊ तो नही शे!"

"मी विलास," तो उठत म्हणाला, "मुलगी बघायला..."

तेवढ्यात शेजारचे नाना पाटील धावत आले. नाना माझे चुलतसासरे. "अहो, आमच्या सुनंदाला बघायला उद्या येणारी मंडळी आजच आली, आणि मुलगा हरवला! त्याचे काका येऊन बसलेत, मुलगाच नाही!"

सगळ्यांची नजर रिकाम्या ताटाकडे गेली.

आम्ही वरात घेऊन नानांकडे गेलो. विलासच्या काकांनी करड्या आवाजात विचारलं, "तुम्ही आमच्या मुलाला तिकडे का बसवून घेतलंत?"

परिस्थिती सांभाळायला मी पुढे झाले. (मला कुणी सांगितलं नव्हतं.) "अहो, मला वाटलं हे आमच्या ह्यांचे मावसभाऊच!"

"मावसभाऊ? म्हणजे याच्या आईकडून नातं निघालं की काय?" काका ताठ झाले. "आणि मुलगी तुमच्या ह्यांची कोण?"

"चुलतबहीण! सगळी घरचीच!"

"म्हणजे मुलगी याची बहीण झाली?" काकांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चला रे, उठा!"

नानांचा चेहरा पांढरा पडला. दाराआड सुनंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. महिनाभर घर सारवून, साडी निवडून ठेवलेली ती पोर. तिचं जमत आलेलं स्थळ मी एका शब्दाने उठवलं होतं!

"थांबा हो!" अक्का कडाडल्या. "तिले मामे नि मावस बठ्ठं सारखंच शे! हाऊ पोऱ्या आमना कोनीच नही शे!"

"कुणीच कसा नाही?" आता काकांना तो अपमान वाटला. "तुमचं माहेर कुठलं?"

झालं! दोघं समोरासमोर बसले आणि नातं निघालंच : काकांच्या आतेभावाला अक्कांची मामेबहीण दिलेली होती. काकांनी टोपी काढली. अक्कांनी त्यांना चक्क भाऊ म्हटलं.

मग सुनंदा पोहे घेऊन आली. विलास तिच्याकडे बघतच राहिला. मग तिच्या पायांकडे, मग भिंतीकडे.

"विचार रे काहीतरी," काका म्हणाले.

त्याने घसा खाकरला. "तुम्ही... दुपारी किती वेळ झोपता?"

सुनंदाने डोळे वर केले. "मी शाळेत शिकवते. दुपारी झोपले तर मुलं बाकं मोडतील!"

त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की विचारता सोय नाही. तीन भाकऱ्यांवर त्याने पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवली आणि आणखी मागितले. नाना माझ्या कानात म्हणाले, "पसंत दिसतेय!"

खरा भास्कर संध्याकाळच्या एसटीने आला. त्याला उरलेले पोहे मिळाले.

पुढल्या वैशाखात लग्न लागलं. मांडवात एका आजींनी मला थांबवून विचारलं, "तू नवऱ्याकडची का नवरीकडची व माय?"

मी तोंड उघडलं. पलीकडे नाना, काका आणि अक्का तिघंही जागच्या जागी थिजले.

"मी," मी हात जोडून म्हणाले, "जेवणाकडची!"