सुशीलाजींच्या तोंडी घातलेला शाप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. फौजेतल्या त्याच्या नोकरीपायी जयपूरला आलो, आणि पुण्यात शिकलेल्या जपानीच्या जोरावर मला सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात दुभाष्याचं काम मिळालं. काय मिजास होती हो माझी!

तिथं पॅकिंगला सुशीलाजी होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या, आणि जिभेला हाड म्हणून नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल केली. बायका पोट धरून हसल्या. मीही हसले — पण आतून जळले. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच.

पुढं काही दिवसांनी आमच्या जपानी साहेबांनी, हायाशीसाननी, सुशीलाजींनी नुकताच बांधलेला खोका तपासायला परत उघडला. "सत्यानास जाए थारो!" त्या म्हणाल्या, तुझा सत्यानाश होवो — आणि हसल्या. आता याला शाप म्हणायचं? आमची आई तर रोज म्हणायची, "मुडदा बसवला तुझा, जेवायला ये!"

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? 'वैतागल्यात जरा' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण मी 'नोरोउ' हे क्रियापद वापरलं. कोशात त्याचा अर्थ सरळ आहे — शाप देणं. पण जपानी माणूस ते असं येता-जाता कुणावर फेकत नाही. समोरच्याचं खरंच वाटोळं व्हावं, तो मरावा, असं मनात धरून बसायचं — ते नोरोउ. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. साहेबांची मुलगी तिकडं जपानात आजारी होती, तेही ठाऊक होतं. तरी म्हणाले, त्या तुम्हाला शाप देताहेत.

साहेबांचा चेहरा उतरला. महिना संपला तसं ठेकेदारानं सुशीलाजींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

त्या माझ्याकडेच आल्या — दुसऱ्या कुणाकडे जाणार? "मॅडमजी, साब को समझाओ ना. घर में कमानेवाली मैं अकेली हूँ."

खरं सांगितलं असतं तर त्यांची नोकरी राहिली असती. माझी गेली असती. मी म्हणाले, साहेबांपुढं माझं काय चालतंय.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी रहो, बेटा."

आणि मी — मी वाकून त्यांच्या पाया पडले.