तहानलेला केस, उपाशी केस

पुलाच्या मध्यावर ताई पुन्हा थांबली. निघाल्यापासून ही चौथी वेळ. आधी म्हणाली, चपलेचा पट्टा सैल झालाय. मग म्हणाली, दुकानाला कुलूप लावलं की नाही आठवत नाही. तिसऱ्यांदा नुसतीच थांबली, कारण सांगायची तसदीही घेतली नाही. आता कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "त्यांनी डोक्याला रुमाल बांधलाय म्हणे. घरातसुद्धा."

"लेकीनं सांगितलं?"

"हो. आठ दिवस झाले. आणि माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं गं. ती बाई गप्प बसली की मला घाम फुटतो."

ती बाई म्हणजे ताईची विहीण, लेकीची सासू. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. तिचे केस ताईच्या हातून तुटले होते, आणि ते का तुटले हे बघायला आम्ही निघालो होतो. बसनं पंधरा मिनिटांत पोचलो असतो. ताईला नेमकं तेच नको होतं.

ताईचं पार्लर आणि माझं कपडे लहानमोठे करून द्यायचं दुकान, मध्ये एकच भिंत. सोळा वर्षं झाली. तिच्याकडे एक खुर्ची, एक बेसिन, कडेला तडा गेलेलं, आणि टॉवेल वाफवायची पेटी. गल्लीतली पोरं तिला वाफताई म्हणतात. लग्न केलेल्या, न केलेल्या, मोडलेल्या, सगळ्या बायका तिच्याकडे खराट्यासारखे केस घेऊन येतात. कुणी रोज इस्त्री फिरवलेली, कुणी तीनदा रंग बदललेला, कुणाच्या घरी पाणीच असं की साबणाला फेस येत नाही. ताई कधीच कुणाला रागवत नाही. म्हणते, "केसांचं काय करून ठेवलंस ते तुझं तुला माहीत आहे. आता पुढचं बघू."

पण लेपाचा डबा उघडण्याआधी ती एक गोष्ट करते. कंगव्यातला एक केस घेते, ओला करते, दोन्ही हातांच्या चिमटीत धरते आणि डोळे मिटून हळूच ताणते. केस ताणून परत जागेवर आला, तर ठीक. ताणला आणि ताणलेलाच राहिला, चघळलेल्या च्युइंगगमसारखा, तर तो उपाशी. त्याला ताकद द्यायची, प्रोटीनचा लेप. आणि ताणलाच नाही, पट्कन तुटला, तर तो तहानलेला. त्याला ओलावा द्यायचा. नुसता मऊ कंडिशनर, वर गरम टॉवेल, अर्धा तास. "तहानलेल्याला जेवायला वाढलं की तो आणखी कडक होतो," ती मला पहिल्याच वर्षी म्हणाली होती. "आणि कडक झालेला वाकत नाही, मोडतो."

विहीणबाई पाच आठवड्यांपूर्वी आल्या होत्या. कमरेपर्यंत केस, पण कोरडे. ताईनं केस ताणून बघितला, म्हणाली, उपाशी आहेत. लेप लावला. पंधरा दिवसांनी बोलावून पुन्हा लावला, दुप्पट. घरचं माणूस म्हणून.

"त्यांच्याकडचं पाणी जड असेल," पूल उतरताना ताई म्हणाली.

"असेल."

"किंवा डबा जुना असेल. दुकानदार देतात गं जुना माल."

"असेल."

"तू नुसतं असेल असेल काय करतेस? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?"

ती चार पावलं चालली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पाणी नसेल, डबा नसेल, तर मग काय उरतं? ही उरतात." तिनं उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला. गेले काही महिने ती हे सारखं करायची. "आणि ही गेली असतील तर मी दुकान कशावर चालवू? दुसरं काय येतं मला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. खरं तर त्याच्या आधीच. उन्हाळ्यात तिच्या तर्जनीवर टपोरा फोड मी पाहिला होता. विचारलं तर म्हणाली, "अगंबाई, हा कधी आला?" वाफेच्या पेटीनं भाजलं आणि तिला पत्ता नाही! माझ्या दुकानात बसली की पूर्वी सुया ओवून द्यायची, अलीकडे चष्म्याचं कारण सांगून टाळायची. मी पाहत होते. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्याची बोटं दिसतातच. पण म्हटलं, देव बघून घेईल, आपण कशाला अभद्र बोला. देवावर ढकललं की आपल्याला बोलावं लागत नाही, ही माझी जुनी खोड.

तिसऱ्या मजल्यावर दार लेकीनंच उघडलं. "अगं आई, चालत आलात? अहो आई, आई आलीये." एक आई अगं, दुसरी अहो. दोन्ही आयांच्या मध्ये ती पोर चिमट्यात धरल्यासारखी उभी होती.

विहीणबाई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. डोक्याला निळा रुमाल.

"या विहीणबाई," त्या ताईला म्हणाल्या. "बस बंद आहेत का?"

"नाही, सहज चालत आलो. हवा बरी होती."

"एवढं लांब सहज कुणी चालत नाही. घाबरलेलं माणूस चालतं. बसा."

लेकीनं स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला. माझा पेला मी काठावर दोन बोटांनी धरला आणि लगेच खाली ठेवला. लेकीनं स्वतःचा ओढणीच्या टोकात धरला होता. ताई मात्र उजव्या हाताच्या बोटांत पेला घट्ट धरून बसली, थंडीच्या दिवसांत बसावं तशी. विहीणबाईंचं लक्ष त्या बोटांवर गेलं, आणि तिथून हललं नाही.

"गरम आहे ना चहा?"

"हो, छान आहे."

"हं," विहीणबाई म्हणाल्या, आणि रुमाल सोडला.

माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. एका बाजूचे केस पाठीपर्यंत होते, दुसऱ्या बाजूचे कानापाशीच संपलेले. मधले तारेसारखे उभे. सोफ्याच्या पाठीवर तुकडे पडले होते, बारीक, भुशासारखे.

"आमच्या वॉर्डातले खराटे याहून मऊ होते," विहीणबाई म्हणाल्या. "पण ते असो. का झालं ते सांगा."

ताईनं वाटीभर पाणी आणि विहीणबाईंचा कंगवा मागितला. कंगव्यातले काही केस काढले, एक बुडवला, चिमटीत धरला, डोळे मिटले. मी मनात म्हणत होते, देवा, डबा जुना निघू दे.

"ताणतोय," ताई म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "थोडा ताणतोय. म्हणजे... मला वाटतं." मग दुसरा केस माझ्यापुढे धरला. "तू बघ. तुझ्या बोटांना दोरा कळतो."

मी केस ओला करून ताणला. कुजलेला दोरा कसा असतो ते मला झोपेतही कळतं. तो तुटण्याआधी जरा तरी लांबल्यासारखा वाटतो. हा लांबलाच नाही. काडी मोडावी तसा मोडला. तिसरा घेतला, चौथा घेतला. सगळे तसेच. खोटं बोलणं सोपं होतं, ताई डोळे मिटूनच बसली होती.

"तुटला, ताई," मी म्हणाले. "ताणलाच नाही."

तहानलेला. पहिल्या दिवसापासून तहानलेलाच होता, आणि तिनं दोनदा पोटभर वाढलं होतं.

"केस राहू द्या आधी," विहीणबाई म्हणाल्या. "सूनबाई, सेफ्टी पिन आण. विहीणबाई, डोळे मिटलेलेच ठेवा. टोचलं की हो म्हणायचं."

"अहो, पण..."

"मी तुमची विहीण नंतर आहे, मेट्रन आधी होते. हात."

डाव्या हाताच्या प्रत्येक बोटाला ताई हो म्हणाली. उजव्या अंगठ्याला जरा उशिरा म्हणाली. तर्जनीला पिन लागली, ताई गप्प. मधल्या बोटाला लागली, ताई गप्प. विहीणबाईंनी पुन्हा टोचली, जरा जोरात. रक्ताचा ठिपका आला, आणि ताई विचारते, "सुरुवात केली का?"

लेक तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

"किती दिवस?" विहीणबाईंनी विचारलं.

ताईनं डोळे उघडले, बोटावरचा ठिपका बघितला. "वर्ष होईल."

वर्ष! मला वाटलं होतं तीनचार महिने.

"हातमोजे घालत नाही तुम्ही, ती औषधं कालवताना?"

"हातमोज्यात केस कळत नाही."

"आणि आता कळतो?"

ताईनं बोटावरचा ठिपका अंगठ्यानं पुसला. मग विहीणबाईच म्हणाल्या, "परवा माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. ओळखीचे डॉक्टर आहेत."

"सुधारेल?"

"सुधारेल, कदाचित सुधारणारही नाही. मला गोड बोलता येत नाही. आता माझ्या डोक्याचं सांगा. ते काही परवापर्यंत थांबायचं नाही."

इथं मात्र ताई बदलली. शब्द नेमके निघू लागले. म्हणाली, दोन महिने ताकदीचं काहीही लावायचं नाही, अंडंसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा केस ओलसर करून साधा मऊ कंडिशनर, मुळाशी नाही, मधून टोकापर्यंत. जाड दातांचा कंगवा. वर गरम टॉवेल, अर्धा तास. कोमट पाणी. टॉवेलनं चोळायचं नाही, दाबून टिपायचं. "तुटलेला केस कुणीच जोडू शकत नाही. जोडून देते म्हणणारी खोटं बोलते. उरलेला वाचवता येईल. पण त्यासाठी हे," तिनं मानेपाशी हात धरला, "इथवर कापायला हवं."

"कोण कापणार? तुम्ही?"

"कात्रीला डोळे पुरतात, आणि ते शाबूत आहेत. पण तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे..."

"कापा," विहीणबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या ओढणीनं खांदे झाकून पाठ करून बसल्या.

मी वर्तमानपत्र अंथरलं. ताईनं कापलं, एकदाही न थांबता. विहीणबाईंनी पूर्ण वेळ खिडकीची चौकट हातानं धरून ठेवली होती. शेवटी मानेवरून हात फिरवून म्हणाल्या, "हलकं झालं. बरं दिसत नाही, पण हलकं झालं."

"अहो आई, छान दिसतंय," लेक म्हणाली.

"तू माझी सून आहेस, तुला तसंच म्हणावं लागतं." मग ताईकडे वळल्या. "माझं सोडा. मी घरची, मी ओरडून मोकळी होईन. माझ्यानंतर किती जणींचे केस ह्या बोटांनी बघितलेत?"

ताईनं मनात मोजलं. ओठ हलताना दिसले. "सात."

"त्यांना कोण सांगणार आहे?"

ताईनं केसांचं वर्तमानपत्र गुंडाळलं, पिशवीत भरलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर ती एकदाही थांबली नाही. माझीच दमछाक झाली. पूल आला तेव्हा उन्हं कलली होती. कठड्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "फोड तू पाहिला होतास."

"हो."

"आणि सुईचंही तुला कळलं होतं."

"कळलं होतं, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

मी काय सांगणार? देवाचं नाव पुढे करायची लाज वाटली. म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटू नये म्हणून सात जणींची डोकी!" ती हसली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "जाऊ दे. मी तरी कुठं बोलले? रात्रंदिवस बोटं घासत बसले, जशी काही घासून धार येणार होती."

खालून एक नाव जात होती. ती पूर्ण पुलाखालून जाईपर्यंत ताई बघत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि माझी दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, आपल्या मुठीत घट्ट धरली.

"उद्या साडेदहाला बँकेतली ती मुलगी यायची आहे. त्या सातांतली पहिली. मी तिला सांगणार आहे की मला कळत नाही, केस ही शेजारीण बघेल. असं मी आज म्हणतेय. पण उद्या तिचं डोकं समोर आलं, की माझी जीभ टाळूला चिकटेल, मला माहीत आहे. मी हसेन, डोळे मिटेन, आणि कळल्यासारखं करेन. तू मशीन बंद करून साडेदहाला माझ्याकडे ये. आणि मी बोलले नाही, तर तू बोल. तिच्यासमोर बोल. मला वाईट वाटलं तरी बोल."