मावशींचं धुराडं

उभ्या नगर जिल्ह्यात धुराचा स्वभाव ओळखणारं माणूस एकच होतं, आणि ते आमच्या मिशन बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. परत गेलेल्या कुणा मडमेनं मागे ठेवलेली बंद लोखंडी चूल आणि तिचं कौलांतून वर गेलेलं पत्र्याचं धुराडं, एवढाच मावशींचा संसार. "वीस वर्सं झाली, माज्या धुराड्यानं कदी पेट घेतला न्हाई," हे त्या नव्या मुलीला तिचं नाव विचारायच्या आधी ऐकवत. लाकडांची गाडी आली की एक लाकूड गालाला लावून बघत, मग दुसऱ्यावर आपटत. टण वाजलं तर आत, धप वाजलं तर गाडी परत. "ही बाभूळ काल शेळीला पाला देत हुती," असं त्यांनी एकदा गाडीवानाला सुनावलं, "जा, हिला अजून एक उन्हाळा दाखवून आन." बिचारा पुढच्या खेपेला स्वतःच लाकडं गालाला लावत आला.

रविवारी मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्या खिडकीशी बसत, कारण तिथून धुराडं दिसे. धूर पातळ असला की प्रार्थनेत मन लागे. पांढरा, जाड, सुस्त निघाला की उपदेश अर्ध्यावर टाकून उठत. पाळकसाहेबांनी हटकलं तर म्हणाल्या, "देव थांबंल, सायेब. डांबर थांबत न्हाई." ओल्या लाकडाचा गार धूर धुराड्यात काळा चिकट होऊन थिजतो आणि एक दिवस तेच डांबर पेटतं, ही त्यांची अकरावी आज्ञा. म्हणून दर शनिवारी कासोटा घट्ट करून त्या कौलांवर चढत आणि काटेरी फांद्यांची मोळी, खाली वीट लटकवून, दोरीनं धुराड्यात खालीवर ओढत.

मी तेव्हा सतरा वर्षांची, सातवी पास, म्हणजे सर्वज्ञ. ट्रेनिंग कॉलेजसाठी माझं शिफारसपत्र बोर्डिंग चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीची वाट बघत पडलेलं, आणि तोवर मी मावशींच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या डोक्यावर टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला, "ओली हाय."

नाताळाआधी मावशी भाचीच्या बाळंतपणाला दोन आठवडे तिसगावला गेल्या. चूल माझ्याकडे आली. वाळकी लाकडं अंगणापलीकडे होती, ताजी बाभूळ दाराशी. मी दाराशीच हात घातला. सारखं उठायला नको म्हणून चुलीची हवेची झडप लावून टाकली. लाकडं दुपारभर धुमसत आणि मी कादंबरी वाचत. दोन्ही शनिवारी कौलांवर चढले नाही, कारण केसांना काजळी लागते. केस तरी काय, उंदराच्या शेपटीएवढ्या दोन वेण्या.

मावशी संध्याकाळी परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहा पीत होत्या तेव्हा त्यांना दिपवावं म्हणून मी चुलीत वाळकी लाकडं गच्च भरली आणि झडप सताड उघडली. धुराडं घोंघावू लागलं, पत्रा लाल झाला, कौलांवर ठिणग्या पडल्या. मी बादली घेऊन चुलीकडे धावले.

"तितं पानी न्हाई, लोखंड तडकंल." मावशींनी चुलीचं दार, झडप, सगळं बंद केलं, फटींना ओली राख थापली आणि मुलींकरवी भोवतीच्या कौलांवर पाणी ओतवलं. हळूहळू घोंघावणं थांबलं.

मोठ्या बाई दारात उभ्या. "चूल कोण पाहत होतं?"

मी बादली पाठीमागे लपवली. मावशींनी पदराला हात पुसले.

"मीच, बाई. आल्याबरुबर धुराडं बगायचं, तर च्या पीत बसले. वीस वर्सांत पैल्यांदा पेटलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेल्या. माझ्या शिफारसपत्रावर सही झाली.

शनिवारी मावशींनी फक्त दोरी माझ्या हातात दिली, मी चढले. पुढे नव्या मुली आल्या, पण वीस वर्षांचं ते वाक्य कुणालाच ऐकायला मिळालं नाही. मला ते सोसेना.

"मावशी, मी सांगते बाईंना."

"काय सांगतीस? धुराडं पेटलं, हे खरंच हाय की. गप शीक जा."

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर पुन्हा टकटक केलं, बराच वेळ कान लावला. "हं. वाळत आलीस."

आता मी ऐंशीच्या घरात आहे, आणि घरात धूर म्हणून नाही. कधीमधी माझी मीच डोक्यावर टकटक करून बघते. आवाज खणखणीत येतो. वाळल्याचा की रिकाम्याचा, ते सांगायला मावशी नाहीत.