मिस्त्रींची जड जोडी

शिवामिस्त्री जाऊन बारा दिवस झाले. मी अजून रडलेलो नाही.

पंचगंगेवर अंत्यविधीला गेलो, घरी आलो, आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. सगळं नॉर्मल. हेच विचित्र वाटतंय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं गॅरेज होतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण दोस्तच.

दहा वर्षांपूर्वी, ९८ साली आम्ही दोघांनी भंगारातून एक जपानी रोटरी इंजिन उचललं. त्यात पिस्टन नसतो, दोन त्रिकोणी रोटर गरगर फिरतात. आमचे दोन्ही गंजलेले.

मुंबईच्या डीलरनं रोटरच्या दोन जोड्या पाठवल्या. एक ठेवा, एक परत करा.

एक जोडी जड, कमी कम्प्रेशनची. दुसरी हलकी, जास्त कम्प्रेशनची, रेसची.

मिस्त्रींनी शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आणला आणि चारही रोटर तोलून बघितले.

"इंजिनेर, जड घ्या. हलक्यात ताकद हाय, पण आपल्या साध्या पेट्रोलवर आतनं ठोकतंय बघा ते."

मी नुकताच डिग्री घेऊन आलेलो. डोक्यात हवा.

"मिस्त्री, रेसचं इंजिन करतोय आपण, ट्रॅक्टर नाही."

त्यांनी जड जोडी एका पोत्यात घातली.

"बरं. तुमचं खरं. जड परत धाडतो."

हलकी जोडी बसवून इंजिन एका जुन्या गाडीत घातलं. पन्हाळ्याच्या चढाला ते अकरा मिनिटं चाललं. मग ठोकायला लागलं, रोटरचं सील तुटलं, खेळ खलास.

मी रस्त्यातच फतकल मारली. मिस्त्री बॉनेटला टेकून म्हणाले, "आवाज मातर नादखुळा आलता की!"

"मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. नंतरही कधीच नाही.

मलाच लाज वाटायची. इंजिनाचा विषय मी टाळला. मग नोकरी, मग गॅरेजकडे जाणंही कमी झालं.

आज बाराव्याला गेलो, तर वहिनींनी एक पोतं पुढं केलं.

"हे तुमचं हाय. घिऊन जावा."

आत जड जोडी. गंजाचा एक ठिपका नाही.

"परत पाठवली नव्हती?"

"न्हाय की. डीलरला पैसं धाडून ठिवून घेतली. दर खंडेनवमीला तेल लावून ठेवायचं. म्हनायचं, इंजिनेर येत्याल मागायला."

दहा खंडेनवम्या गेल्या. मी एकदाही मागितली नाही.

आत्ता टाईप करतोय तर कीबोर्डला तेल लागतंय. डोळे मात्र कोरडेच.

भावपूर्ण काही सुचत नाही, मिस्त्री. जोडी घरी आणलीय.

तुमचं खरं.