तांदळात लिहिलेलं नाव

कार्यालयात माझी ख्याती अशी, की मी चहाच्या वर्गणीचाही ताळेबंद लावतो. तीस वर्षं लेखा शाखेत काढली की माणूस असा होतो, असं मी सांगतो. बायको म्हणते, तुम्ही आधीपासून असेच होता, म्हणून त्यांनी तुम्हाला तिथं बसवलं.

निवृत्ती दीड वर्षावर आली तेव्हा मी नांदेडात एक उपद्रव सुरू केला. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्याला मी मृत्युपत्र या विषयावर शहाणं करू लागलो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा. खरा मालक मृत्युपत्रानं ठरतो, नाहीतर वारसा कायद्यानं. मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. एका मित्रानं शेवटी हात जोडले. "मालक, तुमचं सगळं बरोबर आहे. पण अजून पोहे खायचेत. पोह्याआधी मरण नका काढू."

त्या उन्हाळ्यात लातूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी आम्ही दोघं नवरा-बायको भेटायला गेलो. निवृत्त होऊन तो तिकडे स्थायिक झाला होता आणि अचानक गेला. त्याच्या बायकोनं कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून त्यानं आईचं नाव लावलं होतं, आणि आई त्याच्या कितीतरी आधी वारली होती. मृत्युपत्र नव्हतं. "सासूबाईंना कुठून आणू सहीला?" ती म्हणाली. वारस प्रमाणपत्रासाठी ती कोर्टात खेटे घालत होती, गुडघे धरून.

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी दम धरला. मग बायकोला म्हणालो, "तुझी अशी फरफट होणार नाही. एक फाईल आहे. घर, ठेवी, विमा, फंड, सगळं त्यात. मृत्युपत्रही मी स्वतःच लिहून ठेवलंय, वकिलाचा खर्च वाचवून."

"मला कधी दाखवलं नाही ते."

"दाखवायचं काय? सगळं तुलाच आहे."

"तरी बघते."

घरी आल्यावर तिनं चष्मा लावला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पेपर तपासते तशी फाईल तपासायला घेतली. मी शेजारी बसलो होतो, शाबासकीसाठी. शेवटचं पान संपल्यावर तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"ही बाई कोण हाय?"

ती लातूरच्या बोलीवर आली की एकतर चेष्टा करत असते किंवा चिडलेली असते. इतक्या वर्षांत मला फरक कळलेला नाही.

आमच्या लग्नात, रीतीप्रमाणे, तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं होतं. ते नाव मी निवडलं होतं. वेलांटी चुकू नये म्हणून आदल्या दिवशी सराव केला होता. काना, मात्रा सगळं जागच्या जागी. लोकांनी कौतुक केलं. पण बायको लग्नाआधीच नोकरीला लागलेली. तिची प्रमाणपत्रं, नेमणुकीचा आदेश, पगार, सगळं माहेरच्या नावावर. पुढे आधार कार्डही त्याच नावावर निघालं. फक्त मधलं नाव आणि आडनाव माझं. मी लिहिलेल्या नावानं तिला एकट्या माझ्या आईनं हाक मारली, आई होती तोवर. मी स्वतः तर आजवर "अगं"वरच भागवलंय.

आणि मी, चहाचा ताळेबंद लावणारा माणूस, सेवापुस्तिकेपासून मृत्युपत्रापर्यंत जिथं जिथं पत्नीचं नाव लिहायचं तिथं तिथं ते तांदळातलं नाव लिहून बसलो होतो. माझं घर, ठेवी आणि आयुष्यभराचा फंड मी व्यवस्थित, खाडाखोड न करता, अशा एका बाईच्या नावे केला होता जिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. उद्या मला काही झालं तर ती बाई आपणच आहोत हे सिद्ध करायला हिला पिशवी घेऊन फिरावं लागलं असतं. लातूरच्या पिशवीपेक्षा ती जड झाली असती. तिथं निदान नॉमिनी एकेकाळी हयात तरी होती.

रात्रभर विचार करून सकाळी मी सर्वांत कमी खर्चाचा उपाय काढला. "तू राजपत्रात नाव बदलून घे. एकच अर्ज. मग माझे सगळे कागद आपोआप बरोबर ठरतात."

ती कुकरला शिट्टी लावत होती. "म्हणजे चूक तुमची आणि बदलायचं मी."

"चूक नाही, फरक आहे."

"माझी पेन्शन माझ्या नावावर निघणार आहे. मी माझं नाव ठेवते. तुमची ती बाई तुम्ही काढा."

मग मी तिला काढायला निघालो. पहिल्यांदा बँकेत. तिथल्या तरुण साहेबानं पडद्यावर पाहिलं, मग बायकोचं आधार पाहिलं. "काका, नॉमिनी बदलायचा तर बदलू. पण या मॅडम वेगळ्या दिसतात. या कोण?"

"पत्नी."

"आणि आधीच्या?"

"त्याही पत्नीच."

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. बायको पुढे झाली आणि शाळेच्या पटांगणात बोलते तेवढ्या आवाजात म्हणाली, "मी दुसरी. पहिली कागदावरच राहिली." मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. नांदेड मोठं झालंय म्हणतात, पण ही गोष्ट दुपारी लातूरला मेहुण्यापर्यंत गेली. त्याचा फोन आला. "दाजी, पहिलीला कुठं ठेवलंय? आमच्या ताईला सांगितलं तरी का?"

मृत्युपत्र मात्र या वेळी वकिलाकडून करून घेतलं. फी ऐकून मी पाणी मागितलं. मसुद्यात त्यांनी बायकोचं खरं नाव लिहून पुढे 'उर्फ' घालून तांदळातलंही घातलं होतं.

"तिला काढायला आलो होतो आम्ही," मी म्हणालो.

"एखादा जुना कागद तिच्या नावाचा राहून गेला तर?" वकील म्हणाले. "दोघी एकच, असं तुमच्याच सहीनं लिहिलेलं असू द्या."

मी बायकोकडे पाहिलं. ती मसुदा वाचत होती. "असू द्या," ती म्हणाली. "आई त्या नावानं हाक मारायच्या. पण मी आधी, उर्फच्या अलीकडं."

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात माझा अंगठा झाला, फोटो झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. फोटोत मी आरोपीसारखा दिसतो. पावती घेऊन बाहेर आलो तर बायको जिना उतरून रस्त्याच्या कडेला रिक्षा बघत उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे, वरूनच मी तिला उर्फच्या पलीकडच्या नावानं हाक मारली. पहिल्यांदाच, आणि अगदी स्पष्ट, वेलांटीसकट.

तिनं वळून पाहिलं नाही. पानटपरीपाशी उभी असलेली दुसरीच एक बाई वळली.

मी जिना उतरलो आणि पावती बायकोच्या हातात दिली. तिनं ती उलगडून नाव तपासलं, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि मग रिक्षाला हात केला.